एका पोराची बाई

"एवढं मोठं गाव, अन् पोट्टे कुठी ठेवतेत वं?"

मेट्रोच्या बायकांच्या डब्यात कमलाबाईंनी हे इतक्या मोकळ्या आवाजात विचारलं, की समोरच्या दोघी मुलींनी कानातले इअरफोन काढून पाहिलं. भावनाने छातीशी बांधलेल्या साकेतला सावरलं.

"आई, हळू बोल ना. ही दिल्ली आहे."

"दिल्ली हाय म्हनूनच विचारून राह्यली. सकाळपासून हजार मानूस पाह्यलं असंन. पोट्टं एक नाई. हे आपलं सोडून."

शेतकरी परगावी गेला की आधी पिकाकडे बघतो, न्हावी डोक्यांकडे. कमलाबाईंची नजर पोरांवर जायची. वाशीमकडच्या पिंपळखेडच्या अंगणवाडीत सेविका म्हणून त्यांची तीस वर्षं गेली होती. कुठल्या पोराचं पोट सुटलंय, कुणाच्या डोळ्यांत चमक नाही, कुठलं पोर आज न जेवता आलंय, हे त्यांना दारातूनच कळायचं. दिल्लीला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या आणि दिल्लीही त्या तशीच बघत होत्या. रस्ते अंगणासारखे झाडलेले. चौकात कारंजं, त्याच्या काठावर कुणी पाय सोडून बसलेलं नाही. कस्तुरबा गांधी मार्गाकडे जाताना फुटपाथवर जांभळांचा जांभळा सडा पडला होता आणि तो तुडवत बाबूलोक चालले होते. एक पोरगं वेचायला नाही. कमलाबाईंना ते मोठ्या इमारतींपेक्षा जास्त नवलाचं वाटलं. त्यांनी स्वतःच चार जांभळं उचलली, पदराला पुसून खाल्ली, तर जावई इकडे-तिकडे बघायला लागले.

जावई म्हणजे बुद्धभूषण. सरकारी खात्यात होते, स्वभावाने गरीब. सासूबाईंना परक्या मुलखात घरचं जेवण मिळावं म्हणून रविवारी मुद्दाम त्यांना दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या सरकारी सदनात घेऊन आले होते. पिठलं-भाकरी आली तेव्हा कमलाबाई म्हणाल्या, "इतक्या दूर येऊन पिठलंच खायाचं होतं, तं मी घरीच करून देल्लं असतं जावईबापू."

"आई, पण इथलं फेमस आहे," बुद्धभूषण म्हणाले.

"पिठलं फेमस! बाप्पा!"

तिघंही हसले. हसता हसता भावनाने आईकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिची रजा संपत आली होती. बाळंतपणाची संपून वरची बिनपगारीही संपत आली होती. पहिल्या तारखेला नोएडातल्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. कमलाबाई महिन्याची रजा टाकून आल्या होत्या. पुढे काय, हे कुणी विचारलं नव्हतं. पण घरातल्या तिसऱ्या खोलीतली अडगळ निघून तिथे नवा पलंग आला होता आणि कपाटाचा एक खण रिकामा करून ठेवला होता. सेविकेचं काम सोडून आईने इथेच राहावं, ही गोष्ट न बोलता घरभर हिंडत होती. जेवताना ताटाशी बसत होती.

घर सतराव्या मजल्यावर होतं. तिथे कमलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घारीची पाठ पाहिली. जन्मभर त्यांना घार खालूनच माहीत होती. इथे ती खिडकीच्याही खाली गिरक्या घेत होती, तपकिरी, ऐसपैस, कुणाच्या तरी धुतलेल्या घोंगडीसारखी. बाहेर दमट उकाडा इतका, की खिडकीची काच बाहेरून घाम आल्यासारखी ओली दिसे. आत मात्र यंत्र लावून थंडी केलेली, आणि हवा धुवायचं आणखी एक यंत्र कोपऱ्यात. फाटकावरची तऱ्हा तर त्यांना फारच आवडली. त्या फिरून परत आल्या की पहारेकरी मशीनमध्ये काही तरी दाबायचा आणि वर लेकीच्या फोनवर सांगावा जायचा, की तुमच्याकडे कुणी आलंय, सोडायचं का?

"रोज मले आत घेतं वं तू," त्या लिफ्टमधून बाहेर पडत म्हणायच्या. "एखांद दिवशी नाई म्हन, पाहू काय करतो तो."

पोरं त्यांना अखेर सापडली, संध्याकाळी, इमारतींच्या मधल्या बागेत. सगळी एकदमच उतरली होती. बाबागाड्यांत, पायांत चमकणारे बूट घालून. मागे ढकलायला पोरीच होत्या, झारखंडच्या, बंगालच्या, मिसरूडही न फुटलेल्या भावांना गावी ठेवून आलेल्या. कमलाबाई मोडक्या हिंदीत त्यांच्याशी बोलत बसायच्या. "तू खाना खाई क्या?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा, पोराला नाही, पोरीला.

शनिवारी भावनाने मजल्यावरच्या मुलांना घरी बोलावलं. तिला वाटलं, आईला करमेल. कमलाबाईंनी मूगडाळीची मऊ खिचडी टाकली, वर तूप. सोफे सरकवले, चादर घातली आणि सात-आठ मुलांना भिंतीशी ओळीने मांडी घालून बसवलं. इंग्रजी बोलणारी ती पोरं गंमत वाटून बसलीही. कमलाबाईंनी पातेलं कंबरेला टेकवलं, हातात डाव घेतला, आणि तीस वर्षांचं अंग आपोआप चालू झालं. पहिल्यापासून सुरुवात. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. "हात धुतला? दाखव. शाबास."

साकेत ओळीच्या टोकाला त्याच्या उंच खुर्चीत होता. वास आल्याबरोबर त्याने हात पुढे केले. मग ओठ काढला. मग रडायलाच लागला. आजी समोरून वाकत, हसत, वाढत येत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. शेजारच्या मुलीने दुसऱ्यांदा मागितली, तर आजी परत मागे गेली. साकेतपाशी ती पोचली तेव्हा पातेल्यात तळाला लागलेलं उरलं होतं. तिने तेच डावाने खरवडलं, बोटाने मऊ केलं आणि त्याला भरवलं. तोवर त्याचा जीव हुंदक्यांनी अर्धा झाला होता.

मुलं गेल्यावर भावना स्वयंपाकघरात आली. दार लावून घेतलं.

"तो तुझ्यासमोर रडत होता, आई."

"आली ना मंग त्याच्यापाशी."

"शेवटी आलीस."

"लेकरं पाव्हने होते वं. घरचं पोरगं—"

"घरचं पोरगं!" भावनाचा आवाज फुटला. "मी पण घरचीच होते. अंगणवाडीत रोज ओळीच्या टोकाला बसायचे. तू माझ्यापर्यंत यायचीस तेव्हा खरवड उरलेली असायची. खाली करपलेली. बाकीच्यांना मऊ खिचडी, आणि मला खरवड. अन् घरी सुद्धा तुला आई म्हणायची चोरी, अंगणवाडीतली सवय मोडेल म्हणून. बाई म्हणायचे मी तुला. स्वतःच्या आईला! बाई, भूक लागली. बाई, पोट दुखतंय."

कमलाबाई पातेलं घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"तुले मालूम हाय मी असं काहून करत होती."

"मला माहीत आहे. सगळं माहीत आहे."

खरंच माहीत होतं. बौद्धवाड्यातली बाई गावाच्या अंगणवाडीत लागली तेव्हा पहिलं वर्षभर गावातली पोरं घरून जेवून यायची. बाईच्या हातचं कुणी खात नव्हतं. खिचडी शिजायची आणि तिच्याच वाड्यातली चार पोरं खायची. मग एक दिवस सरपंचाची नात हट्टाने ओळीत बसली. मग तिची मामेबहीण. हळूहळू पंगत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. त्या पंगतीवर गावाचे डोळे होते. बाईने आपल्या पोरीच्या ताटात डावभर जास्त टाकलं, एवढं एकच वाक्य गावात फिरलं असतं तरी पुरे होतं. म्हणून भावना टोकाला बसली. पुढे ती शिकली, पुण्याला गेली, नोकरीला लागली, दिल्लीला आली. पण टोकाची ती जागा काही तिच्या मनातून उठली नव्हती.

"तुझी पंगत बसली, आई," भावना डोळे पुसत म्हणाली. "चांगलं झालं. बिल्कुल चांगलं झालं. पण मी म्हटलं, आता तरी तू ये. एकदा तरी फक्त माझ्या घरची हो. माझी नाही तर त्याची हो."

शेवटी प्रश्न तोंडातून बाहेर पडला होता.

कमलाबाईंनी उत्तर दिलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, साकेतला तेल लावता लावता. लेकीकडे न बघता, पोराच्या पोटऱ्या चोळत.

"भावना, मी जाईन वं परत."

भावना चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"तुले राग येईन. येऊ दे. पन खोटं नाई बोलत. इथी मी राह्यली, तं अर्ध ध्यान तिकडंच राहीन. कोन आलं, कोन नाई आलं. मी उठली त्या जाग्यावरून, तं पंगत अशीच बसंन काय, मले भरोसा नाई. उमर गेली माही ते बसवायले." त्या थांबल्या. साकेतने त्यांचं बोट धरून तोंडात घातलं होतं. "अन् तुले जे भेटलं नाई, ते आता त्याले देऊन तुले भेटत नाई. ते गेलं. ते माह्याकडं बाकीच राह्यलं."

"मग?" भावनाने विचारलं. आवाज कोरडा होता.

"मंग काय. खालच्या त्या पाळनाघरात कोन पोरगी हाय, ते दाखव मले. मी असेस्तोवर त्याले बसवून देतो. हे काम मले येते. राह्यलेले दिवस मी दुसऱ्या कुनाची बाई नाई. याचीच."

पाळणाघर तळमजल्यावर होतं. भिंतींवर जिराफ, कोपऱ्यात कॅमेरा. कामावर गेलेल्या आई-बापांना फोनवर पोर दिसावं म्हणून. सांभाळणारी रूबी बिहारची, विशीची, कपाळावर घामाने चिकटलेली बट. कमलाबाईंनी तिला पहिला प्रश्न नेहमीचाच विचारला. ती म्हणाली, हाँ अम्माजी, चाय पी ली. कमलाबाई म्हणाल्या, "चाय खाना नहीं होता." दुसऱ्या दिवसापासून साकेतच्या डब्यात रूबीसाठी दोन पोळ्या जास्त जायला लागल्या.

पहिले दिवस कमलाबाई आतच बसल्या, साकेतला मांडीवर घेऊन, आणि रूबी समोर. खेळणं रूबीच्या हातात. मग साकेत चटईवर आणि कमलाबाई भिंतीशी. मग दाराशी. रडला की त्या उठायच्या नाहीत, तिथूनच बोलायच्या. "मी हावो रे. पाह्य, मी इथीच हावो." रूबीला त्यांनी दाखवून दिलं, त्याला झोप आली की तो उजवा कान ओढतो, आणि रागावला की ताठ होतो, तेव्हा ओढायचं नाही, पाठ थोपटायची. गावाहून मदतनीस शेवंताचे फोन यायचे. बाई, तांदूळ आला, बाई, पोट्टे विचारून राह्यले. कमलाबाई म्हणायच्या, "मी कामात हावो. सांजचं बोल." आणि खरंच फोन ठेवून द्यायच्या. भावनाने हे दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ती कपड्यांच्या घड्या करता करता थांबली, आणि उठून तिने आईच्या चहात आलं टाकलं, जसं आईला आवडायचं तसं.

पहिल्या तारखेला भावना ऑफिसला गेली. त्यानंतरचे दोन दिवस कमलाबाई पाळणाघराबाहेरच्या बाकावर बसल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची गाडी होती.

त्या सकाळी त्या साकेतला कडेवर घेऊन खाली उतरल्या. दार रूबीने उघडलं. साकेतने रूबीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या वाजणाऱ्या लाल डब्याकडे पाहिलं, आणि आजीच्या कडेवरून सरळ झेप टाकली. रूबीने त्याला झेललं. ती आत वळली. तिच्या खांद्यावरून त्याचं डोकं दिसत होतं, जावळ उतरवल्यानंतर नुकतेच आलेले केस. तो डबा वाजवण्यात गर्क होता. दार लागलं.

इतकी वर्षं दाराच्या आत उभं राहून त्या बाहेरच्या बायांना सांगत आल्या होत्या, जा वं, पोरगं रमलं, जा तू कामाला. बाया जायच्या. दार लागल्यावर त्या कुठे जायच्या, किती वेळ उभ्या राहायच्या, हे कमलाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. भावना होती.

"आई, दिसतोय मला कॅमेऱ्यात. खेळतोय. सोडताना रडला का गं?"

"नाई."

"अजिबात नाही?"

"वळून बी नाई पाह्यलं त्यानं."

पलीकडे ऑफिसातले आवाज येत होते, कुणी तरी हसत होतं.

"आई, जेवून घे तू. मी लवकर निघते. स्टेशनवर मी येणार सोडायला."

"ये."

फोन बंद करून कमलाबाई बागेच्या वाटेने निघाल्या. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती. बागेत या वेळी कुणी नव्हतं. फाटकाजवळच्या पहारेकऱ्याने त्यांना ओळखून हात जोडले, मग जरा निरखून पाहिलं.

"अम्माजी, कुछ लेकर जाना है क्या? उठवा दूँ?"

कमलाबाईंनी खाली पाहिलं. त्यांची कंबर एका बाजूला कललेली होती आणि डावा हात कोपरात वाकून तसाच धरलेला होता, रिकामा.

"नाई बाबा," त्या म्हणाल्या, आणि हात सरळ केला.