ताईच्या शाळेतली सपाट फरशी

माझा धंदा तंबू, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. लग्न असो, मयत असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा, बूड टेकायला खुर्ची माझीच. म्हणून बाहेर मला सगळे मंडपवाला म्हणतात. घरात मात्र माझं नाव उपद्व्याप. ते ताईनं ठेवलंय. ताई माझी थोरली बहीण आणि आमच्या वस्तीतल्या शाळेची मुख्याध्यापिका. माझी पन्नाशी उलटली, तरी तिच्या लेखी मी अजून मागच्या बाकावरचाच.

शाळा आमच्या आजोबांच्या काळातली. वरून धट्टीकट्टी दिसायची, पण खिडक्यांच्या बाजूनं जमीन दबत चालली होती आणि शाळा हळूहळू तिकडे बसत होती. म्हातारा माणूस एका कुशीवर कलतो, तशी. हे बाहेरच्या कुणाला कळायचं नाही, कारण ताईनं पाचरी केल्या होत्या. सुताराकडचे लाकडाचे तुकडे आणायचे, तासायचे आणि बाकांच्या पायांखाली सारायचे. उताराकडच्या पायांना जाड, अलीकडे पातळ. फळा पुसायची पाळी असते ना, तशी तिथे पाचरींची पाळी असायची. सकाळी आल्या आल्या पोरं वाकून बघायची, कुठली सरकली का, कुठली झिजली का. आमच्याकडचा एक पोरगा दुसऱ्या गावी गेला, तर नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंना विचारतो, "इथल्या पाचरी कुठे ठेवता?"

वर भिंती रंगवलेल्या, काचा पुसलेल्या, फरशी इतकी लख्ख की तोंड बघून भांग पाडावा. जिल्ह्यातल्या स्वच्छ शाळेची ढाल दरवर्षी हिच्याच कार्यालयात.

आणि नेमकं तेव्हाच जिल्ह्यानं ठरवलं, जुन्या शाळा पाडून नव्या बांधायच्या. पैसे काही सगळ्यांना एकदम पुरणार नव्हते. म्हणून टप्पे पाडले. समिती येणार, इमारत बघणार, गुण देणार. जिची हालत जास्त वाईट, तिचा नंबर आधी. झालं. जिल्ह्यात दळभद्रीपणाची शर्यत लागली. एका हेडमास्तरांनी तर कडक उन्हात वर्गावर्गात बादल्या मांडून ठेवल्या, छत गळतंय म्हणून. आमची ताई काय करत होती? खिडक्यांना तेलपाणी.

मी तिच्या कार्यालयात जाऊन बसलो.

"ताई, निदान ती ढाल तरी उतरव."

"का? पोरांनी मिळवलीय."

"साहेब ढाल बघतील आणि म्हणतील, यांना काय धाड भरलीय."

"म्हणू देत."

"मग शेवटच्या टप्प्यात जाशील. तोवर तू रिटायर, मी म्हातारा आणि शाळा आडवी."

"म्हातारा तू आत्ताच आहेस. समितीच्या सभेला खुर्च्या कधी आणतोस तेवढं सांग. आणि साध्या आण."

मला वाटलं, आईचं वळण. आमच्या आईनंही पाहुण्यांना कधी फाटकी गोधडी दिसू दिली नाही. चांगली वर, फाटकी खाली. पण इथे फाटकी दाखवल्याशिवाय नवी मिळणार नव्हती, आणि ही बाई घड्या घालत बसलेली.

मी साध्या खुर्च्या नेल्या नाहीत. गोदामात कंपनीवाल्यांच्या बैठकांसाठी ठेवलेल्या काळ्या, गुबगुबीत, फिरत्या खुर्च्या होत्या. प्रत्येकीला खाली चाकं. चाकांना तेल घालून घेतलं. सभा मोठ्या वर्गात होती. टेबल मांडलेलं, त्याच्याही पायांखाली पाचरी. मी खुर्च्या लावल्या तेव्हा समितीची गाडी फाटकात आली होती, बदलायला वेळ नव्हता. ताईनं चाकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उपद्व्याप," एवढंच म्हणाली.

समितीत तिघं. सभापती, देहानं भरभक्कम. त्यांच्या शेजारी शिक्षणाधिकारी. आणि एक तरुण इंजिनियर बाई, ती आल्यापासून गप्पच होती. मागच्या बाकांवर पोरं आणि काही आईबाप. मी दाराशी, लाउडस्पीकरचं बटण धरून.

सभापती बसले, टेबलाला पोट टेकवून. बोलायला लागले. "शाळा बघून समाधान वाटलं. खरं सांगायचं तर अशा शाळेला घाई नाही. पहिला हक्क त्यांचा, ज्यांच्याकडे..." आणि ऐटीत मागे रेलले.

खुर्ची निघाली. जोरात नाही. काठावरून होडी सुटावी, तशी संथ. सभापतींनी पाय घासत तिला परत आणलं. दोन वाक्यं बोलले, ती परत निघाली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "साहेब, इतक्यात निघालात?"

"ही खुर्ची बिघडलीय," सभापती म्हणाले.

"नवी कोरी आहे साहेब," मी म्हणालो. "ही घ्या, दुसरी बघा."

दुसरीही गेली. तिला अडवायला शिक्षणाधिकारी वळले, तर त्यांची पण गेली. दोघं खिडकीखालच्या भिंतीला जाऊन टेकले, थांब्यावर बस बघत बसल्यासारखे. वर्ग फुटला. पोरं बाकांवर हात आपटून हसत होती. मी बाही दातांत धरली होती.

हसत नव्हत्या फक्त दोघी. एक ताई. दुसरी इंजिनियर बाई. ती उठली, जवळच्या बाकाखाली वाकली आणि एक पाचर ओढून काढली. बाक खाली बसला, त्याच्यावरचा कंपास घसरत घसरत खाली पडला. तिनं दुसरी काढली. मग भिंतीशी गेली आणि तिथला मोठा नकाशा बाजूला सारला. मागच्या भेगेत तिचा तळहात उभा आत गेला, पार मनगटापर्यंत.

"मुलांना बाहेर घ्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "धावायचं नाही. या भिंतीकडून कुणी जायचं नाही."

हसू तिथेच विझलं. माझंही.

पोरं मैदानात रांगेत उभी राहिली. ताई जरा लांब कुंपणाशी. मी तिच्याजवळ गेलो. मला वाटलं होतं, ती कान पिळेल. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"पुलापलीकडची शाळा आठवते तुला?"

"बंद पडली ती?"

"पडली नाही. धोक्याची ठरवली. नवी बांधू म्हणाले, तोवर पोरांची सोय तीन शाळांत, तात्पुरती. लांबच्या शाळेत निम्मी गेलीच नाहीत. पोरींना तर घरीच बसवलं. मग समिती आली, म्हणाली पट नाही, मुलंच नाहीत तर इमारत कुणासाठी. आज तिथे ट्रक उभे असतात."

"मला वाटलं, तुला मिरवायचंय."

"ढाल बघून साहेब चहा पितात आणि जातात. म्हणून लावलीय ती. जे बघत नाहीत ते बंद करत नाहीत."

"आणि ती भिंत पडली असती तर?"

"कार्यालयातलं माझं टेबलही त्याच भिंतीला आहे. आधी माझ्यावर पडली असती."

"आणि नंतर?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आई वारली तेव्हाही ती अशीच उभी होती. मी केलं ते बरं की वाईट, हे मला तिथे उभ्या उभ्या ठरवता येईना, आणि खरं तर अजून येत नाही.

इंजिनियर बाई बाहेर आली. सगळ्या खोल्यांना कुलूप, आजपासून. शिक्षणाधिकारी कपडे झटकत म्हणाले, "काळजी करू नका बाई. मुलांची आसपासच्या शाळांत सोय करू. तात्पुरती."

तो शब्द ऐकल्यावर ताईनं पदर सोडला.

"मुलं इथेच बसतील."

"कुठे? उघड्यावर?"

ताईनं माझ्याकडे बोट केलं. "याच्याकडे तंबू आहेत."

सभापती मघापासून माझ्यावर डोळा ठेवून होते. "किती दिवस देणार हे तंबू?"

मी म्हणणार होतो की साहेब, ऐन सीझन आहे, आगाऊ रकमा घेतल्यात. तेवढ्यात ताईनं माझ्या वतीनं सांगून टाकलं. "इमारत उभी राहीपर्यंत." मग इंजिनियर बाईकडे वळून म्हणाली, "तुम्ही काय लिहिणार ते मला ऐकू दे. खोल्या बंद असं लिहा, मी अडवत नाही. माझी चूक असेल तर तीही लिहा. पण त्याच ओळीत लिहा, शाळा चालू. इथेच, या मैदानात."

इंजिनियर बाईनं तसंच लिहिलं. मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

"असा शेरा नसतो," सभापती म्हणाले. "विचार करावा लागेल."

"करा ना साहेब," मी म्हणालो. "उभ्यानं कशाला? आतून खुर्ची आणू?"

त्यांनी सही केली.

शाळेचं नाव पहिल्या टप्प्यात चढलं. पैशाची मंजुरी पुढच्या सभेत आहे म्हणतात, आणि पुढची सभा पुढे पुढेच जातेय. तरी एक मशीन येऊन मैदानाच्या कडेला भोकं पाडून मातीचे नमुने घेऊन गेलं. माझा सगळ्यात मोठा पांढरा तंबू शाळेत अडकलाय. गिऱ्हाईकं पलीकडच्या मंडपवाल्याकडे गेली, आणि तो रस्त्यात भेटला की मला मास्तर म्हणून हाक मारतो. दुसऱ्याचं हसं करायला गेलं की असंच होतं.

ताई सकाळी शाळा भरायच्या आधी घरोघर जाते. आज का नाही आली, ताप आहे का, मग उद्या पाठवा. दोन पोरी शाळेतून गळाल्याच, त्यांच्या आयांनी दारच उघडलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही.

मैदान कुठे सपाट असतं? पहिल्या दिवशी बाक मांडले तर सगळे डुगडुगायला लागले. कुणी काही सांगितलं नाही. पोरं आपापल्या दप्तरांतून पाचरी काढून वाकली. कुलूप लावण्याआधी मोठ्यांनी खोल्या रिकाम्या केल्या, तेव्हा पुस्तकांच्या आधी त्याच मागून घेतल्या होत्या पोरांनी.

मी रोज शाळा सुटताना तंबूचे दोर ताणायला जातो. काल ताई म्हणाली, "ती चाकांची खुर्ची आण एक. कंबर धरतेय माझी."

"चालेल तुला?"

"मातीत कुठे जाणार आहे ती?"

आणली. ती बसली, तंबूच्या दाराशी, तोंड फाटकाकडे करून. समोर कुलूपबंद शाळा, काचा अजून लख्ख. पोरं एकेक करून बाहेर पडत होती आणि ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. शेवटचं पोर गेल्यावर म्हणाली, "उद्या एवढी आली पाहिजेत."

"येतील," मी म्हणालो.

"तो कोपऱ्यातला दोर सैल आहे," ती म्हणाली.

मी गेलो आणि तो ताणला.