आनंदराजांच्या कोंबड्या आणि मेथीचा वाफा

तीस वर्षं कृषी सहायक म्हणून गावोगाव सल्ले वाटत फिरलेले आनंदराज निवृत्त झाले आणि अहमदपूरच्या बाजारातून पाच गावरान कोंबड्या घेऊन घरी आले. मागच्या अंगणात त्यांच्या बायकोनं, महामायाबाईंनी, मेथी-वांगी लावलेली.

"किडे खातील, खत देतील. बागेला फायदाच," आनंदराज म्हणाले. अगदी शेतकरी मेळाव्यात बोलावं तसं.

आठ दिवसांत मेथीचा वाफा नांगरल्यासारखा झाला.

आनंदराजांनी जुन्या साड्यांचं कुंपण बांधलं. कोंबड्या वरून उडून आत. मग स्वतःचा ऑफिसचा शर्ट चढवून बुजगावणं उभं केलं. सकाळी बघतात तर तांबडी कोंबडी त्याच्या खांद्यावर बसून निवांत पिसं साफ करतेय.

"नोकरीत असताना तरी तुम्हाला कोण भीत होतं?" महामायाबाई म्हणाल्या. आनंदराजांना राग यायला हवा होता, आलं हसूच. खरंच होतं ते.

शेवटी त्यांनी शेजारच्या केवळाबाईंना बोलावलं. त्यांच्याकडं दहा कोंबड्या, तरी भाजी टवटवीत. बाईंनी वाफा पायानं चाचपला.

"सायेब, तुमी माती भुसभुशीत केली, वर पाणी मारलं. उन्हाचं कोंबडीला लोळायला असलीच गार जागा लागती. तुमीच गादी घालून दिली की!"

मग त्यांनी सांगितलं: वांग्याच्या बुडाशी दगड मांडा, मेथीवर बाभळीच्या फांद्या टाका. लोळायला कोपऱ्यात राख-मातीचा खड्डा करा. आणि कोंबड्या दिवस मावळायला तासभर उरला की मगच सोडा; अंधारलं की आपसूक खुराड्यात जातात.

आनंदराज "हाव, हाव" करत मान डोलवत होते. मध्येच त्यांना आठवलं, शेतकरीही आपल्यापुढं अशीच मान डोलवायचे आणि घरी जाऊन मनाचंच करायचे.

त्यांनीही तेच केलं. दगड, फांद्या, खड्डा कशाला, असं म्हणून कोंबड्या दुपारीच सोडल्या. त्या दिवशी वांग्याची चार रोपं मुळासकट आडवी झाली.

मग मात्र मेथी पुन्हा पेरली आणि मुकाट्यानं सगळं केलं.

महिन्याभरानं मेथीची पहिली जुडी घेऊन ते केवळाबाईंकडं गेले.

"लई झकास आली की! काय केलं?"

मातीतल्या नत्राबद्दल एक लांबलचक वाक्य आनंदराजांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं," ते म्हणाले, "दुसऱ्यांदा."