डावा गाल

"मान वळवायची नाही, बाबाय. सरळच बसते," नूकरत्नम स्टुलावर बसत म्हणाली. "आणि दिवा आज या बाजूला घ्या."

वीरराजूचा हात दिव्याच्या दांड्यावरच थांबला. राजमहेंद्रीत फोटोची दुकानं पुष्कळ होती, पण अख्खी पेठ बाबाय, म्हणजे काका, म्हणायची ती यालाच. त्याच्याकडे मोठा दिवा एकच. तो अशा बेताने लावायचा की चेहऱ्याची एक बाजू उजळे आणि दुसरी काळोखात जाई. तिरळा डोळा, देवीचे व्रण, जे लपवायचं ते सगळं तो त्या काळोखात नेऊन ठेवी.

नूकरत्नम शाळेत गणित शिकवायची. लहानपणी आईच्या कढईतलं तेल तिच्या डाव्या गालावर उडालं होतं. कानाखालपासून हनुवटीपर्यंत कातडी आक्रसलेली. स्थळांना पाठवायला वीरराजूने तिचे दोन फोटो काढले होते, आणि दोन्हींत तो गाल सावलीत विरून गेला होता. फोटो पाहून माणसं हौसेने आली आणि मुलगी पाहून गेली.

"आईला विचारलंस?"

"आई नाहीच म्हणणार."

"मग समोरून मऊ उजेड देतो. डाग दिसेल, पण बेताने."

"बेताने नको, बाबाय." ती शांतपणे म्हणाली. "मागल्या खेपेला मी पाणी घेऊन बाहेर आले. मुलाच्या मावशीच्या हातात तुमचा फोटो होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि आईला म्हणाली, पाणी ठेवू दे तिला तिथे, आता मुलीला बोलवा."

वीरराजूने दिवा उचलून तिच्या डाव्या हाताला ठेवला. आडव्या उजेडात कातडीची एकेक सुरकुती उठून आली आणि चांगली बाजू अंधारात बुडाली. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. गालाबरोबर तिचा तो डोळाही आपण आजवर काळोखात ठेवला होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

"हसू का?"

"वाटलं तर हस."

ती हसली नाही.

फोटो मंडपेटच्या स्थळाला गेला आणि काही दिवसांतच परत आला. तिची आई, सूरम्मा, तडक दुकानात आली. मागोमाग नूकरत्नमही.

"राजूगारू, तुमच्या हातात सावली होती. ती काय विकून खाल्लीत?" सूरम्मा बाकावर बसता बसता म्हणाली. "पोरीला अक्कल नाही. तुम्हाला तरी असावी."

"तिने सांगितलं तसा काढला, अम्मा."

"ती उद्या विहिरीत ढकला म्हणेल."

"आई, या वेळी घरी कुणी आलं का?" नूकरत्नमने विचारलं. "तू पहाटे उठून डाळ वाटलीस का? मी कुणापुढे उभी राहिले का? त्यांनी फोटोला नाही म्हटलं. बसल्या जागी. मला काही झालं नाही." मग वीरराजूकडे वळून म्हणाली, "बाबाय, हाच मोठा करून द्या. घरात लावायचाय."

सूरम्माने तोंड फिरवलं, पण ती उठून गेली नाही.

वीरराजू अंधाऱ्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तो ओला फोटो दोन्ही हातांत धरूनच. तो त्याने दारातल्या दोरीला चिमट्यांनी अडकवला. पाणी निथळत होतं.

सूरम्मा बाकावरूनच बघत राहिली. मग उठून जवळ गेली. लेकीशी बोलताना इतकी वर्षं ती नेहमी तिच्या उजव्या अंगाला बसत आली होती.

"कान थेट यांचा आहे," ती हळूच म्हणाली. "हिच्या बापाचा."

फोटोतल्या गालावरून पाण्याचा एक ओघळ खाली येत होता. सूरम्माने पदराचं टोक बोटावर घेतलं आणि तो टिपला, दुखेल की काय अशा हाताने.