सरूबाईची बॅटरी

निरगुडसरच्या मळ्यात सरूबाई एकटी राहत होती आणि पुढंही तिथंच राहणार होती. हे तिचं मत. चाकणला कंपनीत असलेल्या तिच्या मुलाचं, आदेशचं मत वेगळं होतं. रोज तिन्हीसांजेला लाइट जाते, घराला खेटून ऊस, आणि उसात बिबट्या. "खंडेनवमीला येतो. तवर उजेडाचं काय झालं न्हाई, तर तुला घेऊनच जाईन. शेळ्या रामनाथकाकांना देऊन टाकू," असं त्यानं फोनवर सांगून टाकलं.

सरूबाईनं चाकणचा फ्लॅट पाहिला होता. तिथं लाइट जात नव्हती हे खरं, पण शेजारच्या दारामागं कोण राहतं हे आदेशलाही सांगता आलं नव्हतं. हाक मारायला माणूस नाही तिथला उजेड काय चाटायचाय? तिनं पदर खोचला.

घोडेगावच्या कल्पेशच्या दुकानातून तिनं इन्व्हर्टर आणि मोठी लांबलचक बॅटरी आणली. कल्पेश म्हणाला, "मावशी, जोडायला माणूस पाठवतो, जरा थांबा." ही थांबणारी बाई नव्हे. "तू निसतं सांग. हात माझं हायेत." त्यानं बिचाऱ्यानं दोनदा सांगितलं. लाल टोकाला लाल वायर, काळ्याला काळी, बॅटरी मोकळ्या हवेत ठेवायची आणि तिच्यात नळाचं पाणी घालायचं नाही. उरलेलं तिनं मोबाईलवर पाहिलं. व्हिडिओतला माणूस सारखा हिंदीत "दोस्तों" म्हणायचा. या वयात आपल्याला कुणी दोस्त म्हणतंय, याची तिला गंमतच वाटली.

एक बल्ब पडवीत, एक गोठ्यात. शेजारचा रामनाथ बांधावर उभा राहून बघत होता.

"वैनी, घर पेटवशीला."

"पेटलं तर हाक मारते भाऊ. बादली भरून ठिवा."

घर पेटलं नाही. आजूबाजूचे मळे काळोखात गेले की सरूबाईची पडवी उजळायची, आणि थोड्या वेळानं रामनाथ मुकाट्यानं मोबाईल आणि चार्जर घेऊन यायचा.

खंडेनवमीला दुपारी आदेश आला तो भली मोठी रिकामी बॅग घेऊनच. बॅटरीकडं त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. सरूबाईनं पडवीत पूजा मांडली. विळा, खुरपं, कोयता, कुदळ, आणि यंदा त्या रांगेत बॅटरीसुद्धा. जी राबते तिला हळदकुंकू नको? तिनं झेंडूचं फूल वाहिलं आणि नारळ-पेढ्यांची सासूच्या वेळची पितळी परात कौतुकानं बॅटरीच्या डोक्यावर टेकवली. परातीचा एक काठ लाल टोकावर, दुसरा काळ्यावर.

ताडकन आवाज झाला. निळा जाळ उठला, पेढे उडाले. सरूबाईनं शेळ्या हाकायची काठी उचलली आणि एका फटक्यात परात अंगणात भिरकावली. परातीला भोक पडलं होतं आणि बॅटरीच्या टोकावरची, वायर धरणारी पकड वितळून वाकडी झाली होती.

"झालं समाधान? डोळं गेलं असतं," आदेश ओरडला. तोही पांढराफटक पडला होता. "बास आता. कपडे भर."

सरूबाई भ्यायली होती, चांगलीच भ्यायली होती. पण आत्ता लुगड्यांच्या घड्या घालायला बसलं तर या पडवीत पुन्हा बसणं नाही, हेही तिला कळत होतं. भीती होती तिथंच तिला राग आला.

"परात मी ठिवली. चूक माझी. बॅटरीला कशापायी नावं ठिवतूस?"

तिनं बटण बंद केलं. पान्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळल्या. वाकडी पकड काढली, काळवंडलेलं टोक पॉलिश पेपरनं घासघासून उजळवलं. कल्पेशनं एक पकड जास्तीची दिली होती, ती बसवायला घेतली आणि नेमानं लाइट गेली.

"बाजूला सरक, मी करतो," आदेश म्हणाला.

"तू निसता मोबाईलचा उजेड धर."

त्यानं धरला. बराच वेळ धरला. तिनं शेवटचा आटा आवळला आणि बटण दाबलं. पडवी उजळली, गोठा उजळला, शेळ्यांनी माना वर केल्या. तेवढ्यात आदेशचा मोबाईल बंद पडला. त्यानं आईकडं न बघता तो पडवीतल्या चार्जिंगला लावला. एवढ्यात रामनाथ आपला चार्जर घेऊन आला.

"पावणं, माझा नंबर असतुय ह्या टायमाला," तो म्हणाला.

सरूबाईनं बॅटरीवर लाकडी पाट आडवा घातला, वर भोक पडलेली परात ठेवली, पेढे गोळा केले आणि राहिलेली पूजा पुरी केली.

दसऱ्याचं सोनं वाटून आदेश निघाला तेव्हा बॅग त्याला उचलेना. तिच्यात भुईमूग होता, बाजरीचं पीठ होतं, कांदे होते.

"आई, ही तुझ्या कपड्यांसाठी आणली व्हती."

"ठाव हाय," सरूबाई म्हणाली. "फुडल्या खंडेनवमीला बॅग नगं आणू. येताना एक परात आण."