मालकांनी दिलेला वकील

सकाळचे नऊ वाजले तरी लिफ्टमिस्त्री चहाच्या कपासमोर बसून होता. चहावर साय धरली होती. एरवी हा माणूस या वेळी हत्यारांची पिशवी घेऊन तिसऱ्या इमारतीत पोचलेला असे. आता त्याला कपडे बदला म्हणूनही सांगावे लागे. बायको शिलाई मशीनवर बाह्या जोडत होती. तिलाही आतून काही जाणवत नव्हते. पाय मशीन चालवत होते, एवढेच.

दीड महिन्यापूर्वी एक लिफ्ट कोसळली आणि आतले वृद्ध गृहस्थ गेले. ब्रेक झिजला आहे, असा रिपोर्ट मिस्त्रीने आदल्याच दिवशी लिफ्ट कंपनीच्या मालकांना दिला होता. लिफ्ट बंदही केली होती. मालकांनी दुसरा माणूस पाठवून ती चालू करवली. पोलिसांनी धरले मात्र मिस्त्रीला; पुढे तो जामिनावर सुटला. मग मालकांनी मोठ्या मनाने वकील दिला. फी मालकांची, वकील मालकांचा, तुरुंग तेवढा मिस्त्रीचा! ही रीत आपल्यात इतकी रुळली आहे की लोक तिला उपकार म्हणतात.

दुपारी बायको वकिलांच्या ऑफिसात गेली.

"वहिनी, उद्या गुन्हा कबूल करायचा," वकील म्हणाले. "थोडक्यात सुटतील."

"आणि त्या रिपोर्टची कार्बन कॉपी?"

"कसली कॉपी?"

"पहिल्या भेटीत याच टेबलावर दिलेली. डॉक्टर आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणून मीच यांना द्यायला लावली."

वकिलांनी फाईल चाळल्यासारखे केले. "असेल कुठेतरी. तिचा काय उपयोग? उगाच मालक अडकतील."

"अडकू देत. तुम्ही यांचे वकील ना?"

"उद्या नोकरी कोण देणार आहे, वहिनी? जरा शहाणपणानं घ्या."

तिला संताप यायला हवा होता. आला नाही. ती जिना उतरली, बसमध्ये बसली, आणि बस भलतीकडे चालली आहे हे तिला चौथ्या थांब्यावर कळले.

घरी सासूबाई सगळे ऐकून म्हणाल्या, "कुंपणानंच शेत खाल्लं की गं!"

"जाऊ दे," मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाला. "कबूल करून टाकतो. सुटेन तरी."

"सुटाल हो," बायको म्हणाली. "पण माणूस मारला असा शिक्का घेऊन. पोरीनं शाळेत काय सांगायचं?"

तो न जेवताच आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारले, "गुन्हा कबूल आहे?"

"हो म्हण," वकील कुजबुजले.

मिस्त्री आपल्या हातांकडे बघत राहिला. "साहेब, मला दुसरा वकील पाहिजे."

"का? हे आहेत ना?"

"हे मालकांचे आहेत. माझा कागद मी यांना दिला. त्याचं यांनी काय केलं, मला माहीत नाही. पण तो फाईलमध्ये नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतले, सरकारी खर्चाने वकील मिळेल म्हणून सांगितले आणि पुढची तारीख दिली. कागद कुठे गेला, हे वकिलांना त्यांनी लेखी द्यायला सांगितले. वकील "पस्तावशील" एवढेच पुटपुटले.

बाहेर व्हरांड्यात एक बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. गेलेल्या गृहस्थांची मुलगी. मिस्त्रीने मान खाली घातली.

"तुम्ही आज कबूल का नाही केलं?" तिने विचारले. "आम्हाला तर सांगितलं होतं, तुम्ही केव्हाच कबूल केलंय. म्हणून आम्ही मालकांवर तक्रार केली नाही."

"कुणी सांगितलं?"

"याच वकिलांनी. घरी आले होते. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिले. त्या दिवशी तो कोठडीत होता. या वकिलांचे तोंड त्याने पाहिले ते त्यानंतर चार दिवसांनी.

बायकोला दीड महिन्यात पहिल्यांदा रडू फुटले. पदराने तोंड पुसत तिने विचारले, "ताई, हे साहेबांसमोर सांगाल?"

बाईने कोर्टाच्या बंद होत आलेल्या दाराकडे पाहिले.

"चला," ती म्हणाली, "अजून साहेब उठले नाहीत."