दुनळीला मुशीचं तेल

मला आधी एक सांगा, बंदूक म्हणजे काय म्हावरं आहे का, डोकं एकाला आणि शेपटी दुसऱ्याला विकायला? नागावच्या त्या कुलदीप साहेबाला मी हे तोंडावर विचारलं, आणि परत भेटला तर परत विचारीन.

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, विनिता बाजारात ओरडते तशी इथंही सुरू झाली.

माझा नवरा अनंता. जन्माचा कोळी. बोट चालवली, जाळी शिवली, आणि नाद कसला, तर इंग्रजांच्या जुन्या दुनळी रायफलींचा! लोकांच्या नवऱ्यांना दारूचा असतो, पत्त्यांचा असतो. ह्याला विलायती बंदुका. बरं, शिकार केली का? छे! आयुष्यात ससा नाही मारला. शिकारीला बंदी, त्या बंदुकीची काडतुसं मिळत नाहीत, आणि मिळाली असती तरी हा उडवणारा नव्हे. म्हसळ्याला कुणा खोताच्या घरात गोऱ्या साहेबाच्या वेळची बंदूक पडून आहे असं कानावर आलं की हा हातातलं जाळं टाकून निघालाच. परवाना, पोलिसांचे कागद, अलिबागच्या खेपा, सगळं निमूट करायचा. घरी आणली की ओटीवर कापड अंथरून तिच्यासमोर बसायचा. "अगं, बघ तरी. ह्या दोन नळ्या कशा जोडल्यात. कुणीतरी हातानं घासून घासून केल्यात ह्या." मी म्हणायची, "मला काय करायच्यात तुझ्या नळ्या? कोलंबी सोलून देतील?" सवत परवडली असती, निदान पाणी तरी भरलं असतं तिनं.

आणि ते 'अगं' ऐका. लग्नापासून ह्या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नाही. अगं, चहा. अगं, चावी कुठाय. अगं, वारा फिरला. मी चिडायची, "मला नाव हाय का न्हाय?" तो हसायचा आणि परत, "अगं, ऐक तर." माझे कान किटले होते त्या शब्दाला.

अशा दोन बंदुका जमल्या. एक कुलदीप साहेबानं मागून घेतली. हा साहेब मुंबईचा, नागावला नारळीच्या वाडीत बंगला, आणि बंगल्यात भिंतभर बंदुका. आम्हाला एका बंदुकीसाठी दहा कागद, त्याला भिंतभर कशा चालतात ते मला विचारू नका. वर्षभर मागे लागला होता. शेवटी अनंता म्हणाला, "माझ्यासारखाच येडा हाय. सांभाळील." आणि माझ्या लग्नातल्या शालीत गुंडाळून स्वतः नेऊन दिली. माझ्या लग्नातल्या शालीत! शाल आजतागायत परत आली नाही.

गेल्या गणपतीत अनंताला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा बसली. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, "काकी, शब्द आत आहेत. तुम्ही बोलत राहा. कुठला आधी बाहेर येईल सांगता येत नाही, कधीकधी शिवीच येते." म्हटलं, येऊ दे, शिवी तर शिवी. रोज खाटेशी बसून मी बडबड केली. जेटीवर पापलेट कसं गेलं, कुणाची कुणाशी जुंपली, विनेशनं, म्हणजे आमच्या मुलानं, बोटीला कुठला रंग काढला. पेज भरवायची, तोंड पुसायची आणि वाट बघायची. हा आढ्याकडे बघत पडून. शिमगा आला तरी तोंडातून हूं नाही. मला एवढा राग यायचा ना! त्याचा नाही, देवाचा. माझ्यासारख्या बोलक्या बाईला मुका नवरा करून ठेवलास, तुला काही वाटलं का, असं मी एकवीरा आईलासुद्धा सुनावलं.

घरात ती राहिलेली बंदूक होती. खारी हवा, लोखंडाला आठवडाभर विसरलं की लाल. तो दर मंगळवारी तिला तेल लावायचा. आता कोण लावणार? मीच. शिव्या देत देत, पण एक मंगळवार चुकवला नाही. त्याची बंदुकीच्या तेलाची बारकी बाटली संपली, तशी मी आमचं मुशीचं तेल काढलं. मुशी म्हणजे लहान शार्क हो, तिच्या काळजाचं तेल. माझ्या सासऱ्यांपासून आम्ही बोटीच्या लाकडाला चोळतो. वास मारतो, पण पाण्याची काय बिशाद आत शिरायची! म्हटलं, समुद्रात बोट टिकते, तर कपाटात बंदूक टिकणार नाही? लाकडाला लावलं, लोखंडाला लावलं, गजाला चिंधी बांधून नळ्यांच्या आत पार टोकापर्यंत फिरवलं. तो आतल्या खोलीत, बंदूक बाहेरच्या कपाटात, त्यामुळे त्याला ह्याचा पत्ता नव्हता.

मग परवान्याची मुदत आली. पोलीस म्हणाले, माणूस अंथरुणावर, त्याच्या नावावर बंदूक ठेवता येणार नाही. विका नाहीतर ठाण्यात जमा करा. विनेश म्हणाला, "आई, त्या साहेबाला देऊन टाक. पप्पांना आता काय कळतंय?"

काय कळतंय! माझ्या काळजात कुऱ्हाड बसली. पण ठाण्याच्या कोठीत सडण्यापेक्षा बंगल्यात तरी नीट राहील, असं म्हणून मी फोन केला.

साहेब रविवारी आला. पांढरे कपडे, डोक्यावर गॉगल. अनंताला मी चाकाच्या खुर्चीत बसवून ओटीवर आणलं होतं, शेवटचं एकदा बघू दे म्हणून. साहेबानं त्याला नमस्कार केला नाही. त्याच्या डोक्यावरून मला विचारलं, "ह्यांना समजतं का काही?"

मी म्हटलं, "तुम्ही बोला, तो ऐकतोय."

साहेब ओटीवरच्या खाटेवर टेकला. त्यानं बंदूक उचलली, बिजागरीत उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या. खांद्याला टेकायच्या लाकडावर टिचकी मारली. "हा दस्ता मूळचा नाही. कुठल्यातरी सुताराकडून केलेला दिसतो."

"सुतार न्हाय, ह्यानं केलाय. बोटीच्या सागवानाचा. मूळचा वाळवीनं खाल्ला होता."

"तेच ते. हे बघा ताई, मला फक्त नळ्या द्या. माझ्याकडच्या एकीच्या नळ्या खराब झाल्यात, तिला ह्या बसवून घेईन. बाकीचं तुमच्याकडे राहू दे. लाकूड चुलीला होईल."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, "आणि ती मागची आमची? ती बरी हाय ना?"

"ती? तिचे घोडे काढून मी दुसरीला लावले. बाकीचा सांगाडा गॅरेजमध्ये पडलाय."

अनंताचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला. मी तो बघितला, आणि माझं डोकं जे फिरलं! म्हटलं, "अरे मेल्या, शालीत गुंडाळून दिलेली जिन्नस तू खाटकासारखी तोडलीस? बंदूक काय म्हावरं आहे, डोकं एकाला नि शेपटी दुसऱ्याला? ह्याला लोक येडा म्हणाले, मी म्हणाले, पण ह्यानं मोडकीची अख्खी केली, तू अख्खीची मोडकी करतोस! आणि म्हणे संग्रह! ठेव ती खाली. ठेव म्हणते ना!"

साहेबाचं तोंड लाल झालं. बंदूक खाटेवर टाकून त्यानं बोटं हुंगली. "एवढी काळजी होती तर हे काय घाण चोपडून ठेवलंय तिला? शी! मासळीचा वास येतोय नळ्यांतून."

"घाण कुणाला म्हणतोस? मुशीचं तेल हाय ते! काळजाचं! पार आतपर्यंत लावलंय मी!"

आणि मागून आवाज आला.

"अ... अगं..."

मी वळले. अनंताचे डोळे माझ्यावर. साहेबावर नाही हो, माझ्यावर! तोंड वाकडं, लाळ गळतेय, आणि कपाळाची शीर तट्ट फुगलेली.

"अगं... येडे! मुशी... चं... तेल?"

साहेब कधी उठून गेला, गाडी कधी निघाली, काही ठाऊक नाही. मला फक्त ते 'अगं' ऐकू येत होतं. आणि मग मला असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, "गणपतीपासून पेज भरवतेय, गू-मूत काढतेय, घसा कोरडा करून बोलतेय, तेव्हा तुझी जीभ हलली न्हाय! आणि त्या टिनपाट बंदुकीला तेल लावलं म्हणून मला येडी म्हणतोस?" ओरडत होते आणि रडत होते. तो डाव्या हातानं बंदुकीकडे खूण करत होता, पूस, पूस, आधी ती पूस.

पुसली. आता काय करणार?

परवाना माझ्या नावावर करायला टाकलाय. ठाण्यातला हवालदार हसला, "काकी, तुम्ही बंदूक चालवणार?" म्हटलं, "चालवणार न्हाय, तेल लावणार."

विनेशनं मुंबईहून बंदुकीचं तेल आणलंय, महागडं, बिनवासाचं. ते फडताळात असतं. पण मंगळवार आला की मी आधी मुशीच्या तेलाचीच बाटली उचलते, बूच काढते आणि अनंताच्या खुर्चीसमोरून मुद्दाम सावकाश जाते.

"अगं!" तो ओरडतो. "अगं, ते न्हाय! येडी... ते न्हाय!"

"मग कुठलं?" मी विचारते. "नीट सांग. मला न्हाय कळत."