सात दिवसांची मुदत

प्रकल्पातली मंडळी तिला आत्या म्हणत, आणि आत्या म्हटलं की हक्काने कामं सांगता येतात. देशोदेशीचे हौशी लोक मिळून एक संगणकप्रणाली बनवत आणि फुकट वाटत. त्या प्रणालीच्या विकासशाखेत, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे घडते तिथे, रोज नवं काही घडे, रोज काहीतरी मोडे. आत्याच्या गळ्यात मात्र नऊ वर्षं जुनी स्थिर आवृत्ती पडली होती. तिथे नवं घालायचं नाही, फक्त भोकं बुजवायची. एखादी चूक लोकांच्या अंगवळणी पडली असेल, तर तीही जपायची. आत्याला याचा वीट आला होता.

महिनाअखेर त्या आवृत्तीच्या देखभालीची मुदत संपणार होती. मग विकासशाखेत फायली साठवायची नवी पद्धत बांधायची होती. आराखडा आत्याचाच होता आणि प्रकल्पाच्या प्रमुखांनी त्या कामाची जागा तिच्यासाठी राखली होती.

सोमवारी सकाळी सगळ्यांना एक मेल आला. विषय होता, 'जुनी आवृत्ती आणखी दोन वर्षं आत्यांकडे?' तिने तो विषय नवऱ्याला दाखवला.

"उघडूच नकोस," नवरा म्हणाला. "उघडलंस की विरघळशील. तुला नाही म्हणता येतं का कधी?"

"मग करू काय?"

"काही नाही. तू उत्तरच दिलं नाहीस, की आपोआप बारगळेल."

आत्याने संगणक मिटला. आठवडाभर ती दुपारी ताणून झोपली, बहिणीकडे राहून आली, पडदे शिवताना चक्क गुणगुणली.

पुढच्या मंगळवारी तिने मेल उघडला, तर त्यावर निकालही आलेला होता. "सात दिवसांत हरकत नाही. प्रस्ताव मंजूर. आभार, आत्या!" खाली प्रमुखांची ओळ होती, "तू गप्प राहिलीस, म्हणजे तुला जुनंच हवंय असं धरलं. जागा दुसऱ्याला दिली."

आत्या कपाळावर हात मारून बसली. सात दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव मंजूर, हा नियम कोणीच कशाला उत्तर देत नाही म्हणून नऊ वर्षांपूर्वी वैतागून तिनेच मांडला होता. तोही कोणी हरकत न घेतल्यामुळेच मंजूर झाला होता. आत्याकडे कधी नवे प्रस्ताव येतच नसत, त्यामुळे ती तो साफ विसरली होती.

तिने जन्मात पहिल्यांदा लिहिलं, "मला हे काम नको आहे."

मिनिटभरात एकाचं उत्तर आलं, "आत्या, उशीर झाला की हो! नियम तुमचाच!" पुढे हसरा चेहरा.

त्याखाली एका रक्ततपासणी केंद्रातल्या बाईंचा मेल होता. "आमची सगळी यंत्रं जुन्यावरच चालतात. तुम्ही राहिलात, जिवात जीव आला."

ना पगार, ना करार. ती उठून गेली असती तर कोणी हात धरला नसता, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. रडू आवरत तिने पदराने चष्मा पुसला आणि बाईंना विचारलं, "कुठलं यंत्र अडतंय?"